डबा फेकायचा की पुन्हा भरायचा: अंबडमधल्या पावडर कोटिंग लाइनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एक मध्यम आकाराचा कारखाना जॉबवर्कवर पावडर कोटिंग करून देतो, म्हणजे पत्र्यावर रंगाची कोरडी पावडर बसवून ती ओव्हनमध्ये वितळवून पक्की करतो. माल बहुतेक अंबड-सातपूरमधल्याच कारखान्यांचा: स्विचगियरच्या पत्र्याच्या पेट्या, गाड्यांचे ब्रॅकेट, पॅनेलची दारं. काम दोन शिफ्टमध्ये, महिन्याला साधारण २६ दिवस. कारखान्याची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. आम्ही यंत्रांच्या देखभालीची छोटी साधनं डिझाइन करून देतो, त्या नात्यानं कन्व्हेयरच्या चेनला तेल देणाऱ्या डब्यांच्या या प्रकरणात आलो.

सगळी लाइन एका कन्व्हेयरवर चालते. डोक्यावर बंद ट्रॅक, ट्रॅकमध्ये चेन, चेनला दर २०० मिलिमीटरवर चाक, खाली हूक आणि हुकाला जॉब, म्हणजे कोटिंग करायची वस्तू. चेनचा पूर्ण वेढा १२० मीटरचा, म्हणजे ६०० चाकं. वेग मिनिटाला १.२ मीटर, त्यामुळे एक फेरी १०० मिनिटांची. या फेरीत जॉब आधी धुतला जातो, मग फॉस्फेटिंग (पावडर नीट धरावी म्हणून पत्र्याला रसायनाचा थर), सुकवणी, पावडरचा बूथ आणि शेवटी १८० ते २०० अंशांचा ओव्हन. जॉब ओव्हनमधून एकदाच जातो. चेन मात्र दर फेरीला जाते, वर्षानुवर्षं.

अशा चेनला साधं मिनरल तेल घातलं तर ते ओव्हनमध्ये धूर सोडतं आणि मागे काळा, चिकट, पुढे दगडासारखा कडक होणारा थर ठेवतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हा देखभालीतला जुना ठोकताळा. त्यामुळे ओव्हनच्या चेनला सिंथेटिक एस्टर तेल वापरतात. इथे व्हीजी २२० या घट्टपणाच्या दर्जाचं होतं. ते मिनरल तेलाच्या कित्येक पट महाग पडतं, आणि त्याचे स्वतःचे काही नखरे आहेत. ते पुढे येतीलच.

हे तेल चेनवर टाकायला कारखान्यानं १२५ मिलीचे, वायूच्या दाबावर चालणारे चार तयार डबे लावले होते. डबा सुरू केला की आत रासायनिक क्रियेनं वायू तयार होतो, तो पिस्टन ढकलतो आणि तेल ब्रशवर उतरत राहतं. महिन्याभरात डबा रिकामा. मग तो काढून फेकायचा, नवा लावायचा.

अडचण

आमच्याकडे तक्रार आली ती दोन तोंडांनी. क्वालिटीवाले म्हणत होते, तेल जास्त होतंय, जॉबवर ठिपके पडतात, कोटिंगला खड्डे येतात. मेंटेनन्सचे प्रमुख म्हणत होते, चेन कोरडी आहे, झटके मारते, ड्राइव्हची मोटर मधूनच ओव्हरलोडला ट्रिप होते. मालकांचं म्हणणं असं की या दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय.

दोघंही खरं बोलत होते. हिशेब मांडल्यावर ते दिसलं. चार डबे म्हणजे महिन्याला ५०० मिली. डबा दिवसाचे २४ तास आणि महिन्याचे ३० दिवस गळतो, म्हणजे ७२० तास. लाइन चालते २६ दिवस रोज १६ तास, म्हणजे ४१६ तास. उरलेले ३०४ तास चेन जागेवर उभी आणि वरून तेल चालूच. महिन्याच्या तेलातलं ४० टक्क्यांहून जास्त तेल असं ब्रशखाली उभ्या असलेल्या दोन-चार चाकांवर पडत होतं. सकाळी लाइन सुरू झाली की ती चाकं ओथंबलेली निघायची, बूथपर्यंत पोचेतो हुकावरून ओघळायची, आणि ठिपका जॉबवर. बाकीच्या साडेपाचशेहून जास्त चाकांना मिळायचं ते उरलंसुरलं, सुमारे २९० मिली, तेही महिन्याभरात.

तपमानाचा घोळ वेगळा. ओव्हनच्या भिंतीजवळच्या दोन डब्यांतला वायू उष्णतेनं लवकर फुगायचा आणि डबे महिना भरायच्या आत संपायचे. मालाच्या दाराजवळचे दोन डिसेंबर-जानेवारीत मंदावायचे. नाशिकची थंडी काही थट्टेची नाही. पारा दहाच्या खाली जाणं दर हिवाळ्यात होतं. फिटर वैतागून म्हणाला, "साहेब, डबा बाहेरून बघून काय कळतं? काढून हलवून बघायचा, एवढंच." डबा अपारदर्शक नव्हता खरं तर, पण पावडरच्या थरानं झालेला होता.

तिसरी गोष्ट कचऱ्याची. वापरलेलं तेल आणि तेलानं माखलेले डबे घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली येतात. ते वेगळे साठवायचे, नोंद ठेवायची आणि परवाना असलेल्या संस्थेकडेच द्यायचे. दर महिन्याला चार डबे हा आकडा लहान वाटतो, पण प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोंदवहीत तो दर महिन्याला लिहावा लागतो आणि लिहायचं काम नेमकं त्याच मेंटेनन्स प्रमुखांकडे.

एवढं सांगून हेही सांगायला हवं की हे डबे वाईट साधन नाही. छतावरच्या पंख्याच्या बेअरिंगला, जिथे रोज कुणी चढत नाही आणि जे अखंड फिरतं, तिथे ते उत्तम चालतात. थांबत-थांबत चालणाऱ्या, ओव्हनमधून जाणाऱ्या चेनवर त्यांची निवड चुकली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, मालकांना सगळ्यात आवडलेला: डबे चारऐवजी सहा करायचे. खर्चाचा निर्णय तिथल्या तिथे झाला असता. पण गळती तर घड्याळाप्रमाणे चालूच राहणार, चेन चालो की थांबो. कोरडेपणा थोडा कमी झाला असता आणि ठिपके दीडपट.

दुसरा पर्याय काचेच्या ऑइल कपचा. वर तेल, खाली थेंब कमी-जास्त करायचा नीडल व्हॉल्व्ह, मधे थेंब दिसायची खिडकी. जुन्या लेथवर, ऑइल इंजिनावर हा सगळ्यांनी पाहिलेला असतो. कल्पना दीडशे वर्षांची आहे. एलायजा मॅकॉय यांनी वाफेच्या इंजिनाला चालता चालता तेल देणाऱ्या कपाचं पेटंट १८७२ मध्ये घेतलं होतं. स्वस्त, पुन्हा पुन्हा भरता येणारा, आणि थेंब डोळ्यांना दिसणारा. मेंटेनन्स प्रमुखांचा कौल याच्या बाजूनं होता आणि आमच्यातल्याही एकाचा.

आडवं आलं ते तेलाचं घट्टपण. व्हीजी २२० म्हणजे ४० अंशांना २२० सेंटिस्टोक (घट्टपणाचं एकक), दहा टक्के इकडे-तिकडे. दहा अंशांना तेच तेल सात-आठ पट घट्ट होतं. बारीक फटीतून वाहणारं तेल घट्टपणाच्या उलट प्रमाणात वाहतं. जानेवारीत सकाळी सातला फिटरनं नीडल लावली, की दुपारी शेड तापल्यावर त्याच नीडलमधून तिप्पट तेल येणार. म्हणजे दिवसातून दोनदा नीडल फिरवायला माणूस हवा. शिवाय लाइन थांबली की कोणीतरी वर चढून कप बंद करायचा, सुरू झाली की उघडायचा. सुटीच्या आदल्या रात्री तो बंद राहील याची खात्री कोण देणार?

तिसरा, बाजारात मिळणारी मोटरवाली तयार यंत्रणा. तिच्यात खोट काढावी असं काही नव्हतं. किंमत मालकांना झेपणारी नव्हती आणि आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला तर लाइन किती दिवस तेलावाचून राहील, याचं उत्तर विक्रेत्याकडून नीट आलं नाही. मालकांनी एका वाक्यात निकाल दिला: "मला चेनवर तेल हवंय, भिंतीवर स्क्रीन नकोय."

चौथा पर्याय म्हणजे पुन्हा भरता येणारा ल्युब्रिकेटर (तेल देणारं साधन) इथेच बनवायचा, असे भाग वापरून जे अंबड-सातपूरच्या दुकानांत मिळतात आणि जे कारखान्याचा फिटर स्वतः बदलू शकेल. तोच ठरला. ठरताना मालकांनी एक अट घातली, परतावा दीड वर्षात. आणि मेंटेनन्स प्रमुखांनी दुसरी, वर चढायला लागू नये.

दुसरी अट आम्ही सुरुवातीला सोयीची मागणी समजत होतो. पुढे कळलं की सगळं डिझाइन तिच्यावरच उभं आहे. चेनवर तेल कसं पडतं हा प्रश्न सोपा निघाला. टाकीत तेल कोण, कधी, कशानं आणि कुठलं भरणार, यात सगळी मेख होती.

थेंब मोजायचा कसा

नीडल सोडून दिली आणि छोटा पिस्टन पंप घेतला, एका धक्क्याला ठरावीक ०.०३ मिली. तेल घट्ट असो की पातळ, पिस्टन तेवढंच ढकलतो. धक्का कधी मारायचा ते घड्याळानं न ठरवता चाकानं ठरवायचं. ट्रॅकला एक प्रॉक्झिमिटी सेन्सर (जवळ आलेली वस्तू स्पर्शाविना ओळखणारा) लावला. चाक समोर आलं की दोन्ही बाजूंचे दोन पंप एकेक धक्का मारतात. चेन उभी तर सेन्सर गप्प, तेल बंद. रात्र, सुटी, लोडशेडिंग, कशाचाही वेगळा विचार करावा लागला नाही.

दर फेरीला तेल देण्याची गरज नव्हती. दहा फेऱ्यांतून एका फेरीत द्यायचं ठरलं. ६०० चाकं, दोन बाजू, ०.०३ मिली, म्हणजे एका तेलाच्या फेरीला ३६ मिली. दहा फेऱ्यांना १,००० मिनिटं, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण दिवसाच्या दोन शिफ्ट. महिन्याला अशा २५ फेऱ्या, सुमारे ९०० मिली. मालकांना हे ऐकून धक्का बसला, कारण डब्यांतून महिन्याला ५०० मिलीच जात होतं. तेल वाचवायला बोलावलेल्या माणसांनी तेल वाढवून दिलं! त्यांना वरचा २९० मिलीचा हिशेब पुन्हा दाखवावा लागला. शिवाय पाच लिटरच्या कॅनमधलं सुटं तेल डब्यातल्या तेलापेक्षा लिटरमागे बरंच स्वस्त होतं, डब्याच्या किमतीत यंत्राचेच पैसे जास्त असतात.

जागाही बदलली. चारपैकी दोन डबे ओव्हनच्या तोंडाशी होते, कारण तिथे प्लॅटफॉर्म होता. तिथे चेन इतकी तापलेली असते की तेल आत शिरण्याआधीच धूर होतो. आम्ही हात लावून बघत बघत मागे आलो आणि जिथे चेन नुसती कोमट लागली तिथे पंप बसवले. कोमट धातूवर तेल पातळ होऊन पिनेच्या फटीत ओढलं जातं, आणि पुन्हा ओव्हनमध्ये शिरेपर्यंत त्याला जवळजवळ तासभर मिळतो. ब्रशही काढले. बारीक नळीचं तोंड थेट बाहेरच्या आणि आतल्या पट्टीच्या मधल्या फटीवर आणलं. पट्टीच्या पाठीवर पडलेलं तेल शोभेचं. घासतात ते सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची बुश.

टाकी

चाचणीसाठी पहिली टाकी कारखान्याच्या फिटरनं स्टोअरमधल्या मालातून केली. दाबाच्या हवेच्या लाइनवर एफआरएल (फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटर यांचा संच) असतो, त्याचा पारदर्शक बाउल. आटे तयार, गळत नाही, तेल दिसतं. कल्पना चांगली होती आणि काही आठवडे ती चाललीही. मग आटे जिथे संपतात तिथून बारीक रेषा निघाल्या. बोट फिरवलं तर लागत नव्हत्या. बॅटरी तिरकी धरली की भिंतीच्या आत चमकायच्या. हे बाउल बहुतेक पॉलिकार्बोनेटचे असतात आणि एस्टर तेल पॉलिकार्बोनेटला ताणाच्या जागी फोडतं. एफआरएलच्या माहितीपत्रकांत सिंथेटिक तेलाबद्दलचा इशारा बहुधा बारीक अक्षरात दिलेला असतोच. हवेच्या दाबाखाली असता तर तो फुटून उडाला असता. इथे दाब नव्हता, म्हणून नुसता ओला झाला.

त्यानंतर टाकी स्टेनलेस पत्र्याची केली आणि पातळी दिसायला बाहेरून बोरोसिलिकेट काचेची नळी, तिला पत्र्याचं आवरण. सगळे ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) नायट्राइल रबराचे काढून व्हायटॉन रबराचे घातले, कारण नायट्राइल या तेलात फुगतं. टाकी पंपाच्या वर ठेवली, म्हणजे थंडीत घट्ट तेल ओढून घेण्याचा भार पंपावर पडणार नाही. टाकीपासून पंपापर्यंतची नळी ४ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटर बोअरची घेतली. व्यास दुप्पट केला की अशा संथ प्रवाहाचा अडथळा सोळापट कमी होतो; थंडीच्या प्रश्नावर याहून स्वस्त उत्तर आम्हाला माहीत नाही.

टाकी केवढी, यावर सगळ्यात लांब वाद झाला. मालकांना पाच लिटरची हवी होती, "एकदा भरली की पाच महिने बघायला नको." हेच तर नको होतं. पाच महिने कोणी टाकीकडे गेलं नाही, तर नळीची तोंडं, सेन्सर, चेनचा ताण यांच्याकडेही कोणी बघणार नाही. शेवटी टाकी एक लिटरची केली आणि भरायचे दिवस ठरवले, महिन्याची १ आणि १६ तारीख, दर वेळी साधारण अर्धा लिटर. त्याच वेळी चेनची पाहणी. मेंटेनन्स प्रमुख यावर खूश नव्हते. पण टाकी जमिनीवरून हाताला येईल अशी खाली आणल्यावर (पंप त्याहून खाली, तिथून वर ट्रॅककडे दाबाची नळी) त्यांनी मान्य केलं.

भरायचं तोंड

झाकण उघडून नरसाळ्यानं तेल ओतायचं, असं आधीच्या चित्रात होतं. ते चित्र घेऊन आम्ही एक पूर्ण शिफ्ट लाइनवर उभे राहिलो आणि चित्र खोडलं. टाकीपासून चार पावलांवर हूक साफ करायला हवा मारतात. पावडर सगळीकडे बसते. नरसाळं तेच, जे हायड्रॉलिक तेलाला आणि कंप्रेसरच्या तेलाला वापरतात, तळाशी आदल्या तेलाचा घोट तसाच. तेलाच्या खोलीत पाचही कॅन एकाच रंगाचे.

म्हणून टाकीला झाकणच ठेवलं नाही. खालच्या बाजूला एक क्विक कपलिंग, कारखान्यात दुसरीकडे कुठेही न वापरलेल्या मापाचं. त्याला जुळणारं दुसरं टोक फक्त एका हातपंपाला, आणि तो हातपंप फक्त एस्टर तेलाच्या कॅनला बसवलेला. पंपाच्या तोंडाशी जाळी. चुकीचं तेल भरायचं म्हटलं तरी जोडच बसत नाही. रंगाची पट्टी, सूचनेचा कागद, प्रशिक्षण, हे सगळं केलं, पण भरवसा कपलिंगवर ठेवला.

सुरू झाल्यानंतरची पहिली मोठी पंचाईत मात्र भलतीकडून आली. एका जोडातून घाम आल्यासारखं तेल दिसत होतं. रात्रपाळीच्या मुलानं तत्परतेनं सिलिकॉनची ट्यूब काढून जोडाला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून जॉबवर गोल खड्डे, मधे पत्रा उघडा. क्वालिटीनं तेलावर बोट ठेवलं आणि सगळ्यांनी पंपाचा डोस कमी करायला सुरुवात केली. खड्डे थांबेनात. पावडर कोटिंगच्या शेडमध्ये सिलिकॉन हा शत्रू आहे. त्याचा पुसटसा अंश पत्र्यावर आला तरी पावडर वितळताना तिथून बाजूला सरकते. ट्यूब सापडली ती कचऱ्याच्या डब्यात. जोड सोडवून साफ केला, ॲनारोबिक (हवा न लागता कडक होणारं) थ्रेड सीलंट लावलं, चेनचा तो भाग पुसून काढला, मग माल पूर्ववत यायला लागला. त्या मुलाला मालक बोलले, आमच्या मते उगाचच. शेडमध्ये सिलिकॉनची ट्यूब हाताशी होती हा दोष स्टोअरचा.

टाकीला श्वास घ्यायला ब्रीदर लागतो. तेल खाली जातं तशी वरून हवा आत यायला हवी, नाहीतर पोकळी होऊन पंप कोरडा चालतो. ब्रीदर टाकीच्या माथ्यावरच दिला होता. तो पावडरनं बुजला. आता एक वाकवलेली नळी भिंतीच्या पलीकडे नेऊन तोंड खाली ठेवलंय.

तेल संपत आलं तर काय, हा शेवटचा निर्णय. टाकीत २०० मिली उरलं की फ्लोट स्विच लागतो, म्हणजे अजून पाचेक तेलाच्या फेऱ्या हातात. इलेक्ट्रिकलवाल्यांनी तो थेट कन्व्हेयरच्या स्टॉपला जोडायचं सुचवलं. नाही म्हटलं. कन्व्हेयर अचानक थांबला तर ओव्हनमधले जॉब आतच भाजत राहतात, फिकट रंग पिवळे पडतात, आणि हे नुकसान एका दिवसाच्या कोरड्या चेनपेक्षा मोठं. स्विच फक्त दिवा लावतो. टाकी अगदीच रिकामी झाली तर पंप बंद होतो, लाइन चालू राहते.

निकाल

ड्राइव्हची मोटर १.५ किलोवॅटची आहे. आधी तिचा करंट ३ अँपिअरच्या वर असायचा आणि झटक्याला काटा उडायचा. आता तो २.५ च्या आसपास स्थिर असतो. बदलानंतर ओव्हरलोडची ट्रिप नोंदवहीत आलेली नाही. तेलाच्या ठिपक्यांचं रिजेक्शन थांबलं असं म्हणता येणार नाही, कमी झालं. उरलेले ठिपके बरेचसे वर्षानुवर्षं ट्रॅकमध्ये साठलेल्या जुन्या काळ्या थराचे आहेत. नवीन तेल तो थर मऊ करतं आणि तो सुटून पडतो. सुरुवातीच्या महिन्यांत त्यामुळे ठिपके वाढल्यासारखेच वाटले आणि मालकांचा धीर सुटत आला होता.

परताव्याचं गणित दीड वर्षाच्या आत बसलं, पण डब्यांच्या बचतीवर ते बसलं नसतं. रिजेक्शन आणि ट्रिपमुळे वाया जाणारा वेळ धरला म्हणून बसलं. रिकाम्या डब्यांची नोंद बंद झाली. तेलाच्या कॅनची आणि पुसायच्या चिंध्यांची चालूच आहे.

दिव्याचं मात्र फसलं होतं. तो पॅनेलवर होता आणि पॅनेल खांबामागे. एकदा तो कितीतरी दिवस लागलेला होता आणि १६ तारखेला फिटर रजेवर. टाकी रिकामी, पंप बंद, चेन तेलावाचून. त्यानंतर दिवा जॉब हुकाला लावणाऱ्या बायकांच्या समोर आणला. त्या आठ तास तिथेच उभ्या असतात आणि दिवा लागला की हाक मारतात. "अहो भाऊ, तुमचा पिवळा लागला बघा," ही हाक आता मेंटेनन्समध्ये ठरलेली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

चेनचा जुना थर नवं तेल घालण्याआधी साफ करायला हवा होता. लाइन दोन दिवस बंद ठेवावी लागेल म्हणून मालकांनी ते टाळलं, आणि त्या वेळी आकडे बघता कुणीही टाळलं असतं. पण वार्षिक शटडाउन दोन महिन्यांवर होतं. काम तिथपर्यंत थांबवलं असतं तर सुरुवातीचा सगळा मनस्ताप वाचला असता, आणि नव्या यंत्रणेवर आलेला संशयही.

तेलाची फेरी संपली हे ठरवणारा, चाकं मोजणारा काउंटर ६०० वर बांधला, तोही विचार करण्यासारखा. चेन ताणली की मेंटेनन्सवाले एखादा तुकडा काढतात. मग वेढ्यात ५९६ चाकं राहतात आणि मोजणी ६०० ची चालते. इथे त्यानं फरक पडत नाही, चार चाकांना दुसऱ्यांदा थेंब मिळतो. पण उलट झालं, लाइन वाढवून वेढा लांब केला, तर शेवटची चाकं कायमची कोरडी. एका हुकाला वेगळी खूण देऊन ती दिसली की फेरी पूर्ण, असं केलं असतं तर आकडाच लागला नसता. सेन्सर आणखी एक लागला असता, एवढंच.

एक लिटरच्या टाकीवर मतभेद अजून आहेत. रजेच्या प्रसंगानंतर मालक म्हणतात, पाच लिटर असती तर हे झालंच नसतं. त्यांचं चूक म्हणता येत नाही. आमचं उत्तर असं की पाच लिटरची टाकी त्या दिवसाऐवजी चार महिन्यांनी रिकामी झाली असती, आणि तोवर १६ तारीख हा प्रकारच कुणाच्या लक्षात राहिला नसता. मधला मार्ग म्हणून दोन लिटरची टाकी आणि २०० ऐवजी ५०० मिलीवर दिवा, असं नव्या चित्रात धरलंय.

हे चित्र शेजारच्या दुसऱ्या लाइनसाठी आहे. मालकांना दोन्ही लाइनना मिळून एकच टाकी हवी आहे, मधे पंचवीस मीटर नळी. थंडीत एवढ्या लांबीतून व्हीजी २२० ढकलायचं तर नळी आणखी मोठी लागेल किंवा पंप बदलावा लागेल, आणि एका ब्रीदरची चूक दोन लाइन कोरड्या करेल. आम्ही दोन स्वतंत्र टाक्यांचं कोटेशन दिलंय. त्यांनी अजून सही केलेली नाही.